पहिला धडा: नळ आला नाही

मी नमस्कार शिकवत नाही.
आपण कसे आहात, मी बरा आहे,
असं कोण बोलतं जालन्यात?
माझा पहिला धडा: नळ आला नाही.
दुसरा: नऊ दिवस झाले.
तिसऱ्यात आवाज थोडा चढवायचा.

बियाण्याच्या दुकानावर खोली आहे,
जिन्यात सरकीच्या गुलाबी औषधाचा वास.
रोलिंग मिलची पाळी सुटली की येतात,
बूट दाराबाहेर, कानांत अजून लोखंडाची घरघर,
म्हणून वाचतातही ओरडूनच.
महिन्याचे तीनशे.
कुणी देतं, कुणी पुढच्या महिन्यात देतं.

भाषा तक्रारीपासून सुरू होते
हे मी अब्बांकडून उचललं.
ते तहसीलसमोर लिंबाखाली अर्ज लिहीत.
शिकले उर्दूत, आणि पोटापाण्याला लागेस्तोवर
कागदांची भाषाच बदलली.
मग मराठी शिकले ती गिऱ्हाइकांकडून:
बांध कोरला, म्हैस सोडून नेली,
सातबाऱ्यावर नाव चुकलं.
एकेका माणसाच्या रागातून एकेक क्रियापद.

माझं मात्र एका अक्षरावर अडलं.
सहावीत उभं केलं वाचायला.
पाळण्यात बाळ होतं, मी वाचलं, बाल.
शेलगावकर बाई म्हणाल्या,
कुणाचे गं बाल? तुझे की न्हाव्याकडचे?
वर्ग हसला.
बाई वाईट नव्हत्या, पुढे
डी.एड.चा फॉर्म त्यांनीच आणून दिला.
पण त्या संध्याकाळी मी मोती तलावाच्या काठी बसून
तळं, तळं म्हणत राहिले, जीभ दुखेपर्यंत.
अब्बा म्हणाले, "जबान को उलटी फिरा बेटा,
तवे पो भाकर पलटाते ना, वैसी."
करपायची. कितीतरी दिवस करपली.
एकदा फुगली.

म्हणून ळ आला की मी आधीच दम देते,
हे अवघड आहे, कुणी हसायचं नाही.
गंजामचा सुबल बेहेरा हसला.
टीचर, ये तो हमारे यहाँ भी है, म्हणाला
आणि म्हणून दाखवलं, फळ. कदळी.
कसं गोल, घोटीव, जन्मापासूनचं.
त्याचं नावच सुबळ निघालं,
महिनाभर मीच चुकीची हाक मारत होते.
बँकेतल्या पद्मजा मॅडम अनंतपूरच्या,
त्या म्हणाल्या, पाण्याला आम्ही नीळ्ळु म्हणतो.
म्हणजे ळ नसलेले आम्ही दोघंच,
मुंगेरचा रामप्रवेश आणि मी.
चाळीस वर्षं मला वाटायचं,
हे कुलूप फक्त या एका दाराला आहे.

रामप्रवेश काल उशिरा आला, वहीशिवाय.
"मुकादमानं लई काव आणला बगा,"
हे मी शिकवलेलं नव्हतं. टपरीवरचं.
मी खूश होऊन फळ्याकडे वळले, लिहावं म्हणून,
तर पाठीमागून,
"रजा देईना. घरी बाल बिमार हाय."

खडू हातातच राहिला.
सुबळनं माझ्याकडे पाहिलं, आता टीचर टोकणार.
मी विचारलं,
"किती महिन्यांचं हाय बाल?"
"सात."

मग अर्ज लिहायला बसलो,
मजकूर त्याचा, वेलांट्या माझ्या.
विषय लिहून झाला, महोदय लिहून झालं,
कारणापर्यंत आलो
तेवढ्यात खालून कुणी ओरडलं, नळ आला, नळ आला,
आणि सुबळ माझी कळशी घेऊन जिन्यातसुद्धा पोचला.

अर्जात बाल तसंच राहिलंय.
मुकादमाला कळेल.